चायनीज स्टाइल थंड वांग्याचं सॅलड: पाणचट होऊ नये म्हणून काय, कधी आणि कशानंतर

हे सॅलड बनवून बघितलेल्या जवळपास सगळ्यांची तक्रार एकच असते, की वाडग्यात काढलं तेव्हा झकास दिसत होतं, अर्ध्या तासाने बघितलं तर खाली तपकिरी पाणी साचलेलं आणि वरची वांगी बेचव. मग पुढच्या वेळी लोक सोया सॉस वाढवतात, मीठ वाढवतात, आणि आता ते पाणचट तर असतंच पण खारटही होतं. गडबड सॉसमध्ये नसतेच, गडबड असते पाण्यात. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि वाफवल्यावर ते सुटायला लागतं, ते सॉस ओतायच्या आधी बाहेर काढायचं की नंतर वाडग्यात सुटू द्यायचं, एवढाच काय तो प्रश्न. त्यामुळे खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका, साहित्य थोडं इकडेतिकडे झालं तर चालेल.

चीनमध्ये या प्रकाराला लियांगबान छ्येझ म्हणतात. लियांगबान म्हणजे थंड कालवलेलं आणि छ्येझ म्हणजे वांगं, नावातच सगळं आलं.

आधी साहित्य, दोन-तीन जणांना पुरेल एवढं

- लांब, बारीक जांभळी वांगी: ५०० ग्रॅम
- लाइट सोया सॉस: २ टेबलस्पून
- काळं राइस व्हिनेगर: दीड टेबलस्पून
- साखर: दीड टीस्पून
- लसूण: ६ मोठ्या पाकळ्या
- जाडसर लाल मिरचीचे फ्लेक्स: २ टीस्पून
- वास नसलेलं कुठलंही तेल: २ टेबलस्पून
- भाजलेल्या तिळांचं तेल: १ टीस्पून
- हुआज्याओ, म्हणजे सिचुआन पेपर, भाजून कुटलेली: पाव टीस्पून
- कांद्याची पात २ काड्या, पांढरं तीळ १ टीस्पून, हवी तर थोडी कोथिंबीर

टेबलस्पून म्हणजे १५ मिली आणि टीस्पून म्हणजे ५ मिली, ड्रॉवरमधला हाताला लागेल तो चमचा नाही.

पायरी १: बाटल्या नीट वाचा

हे वाचायला फालतू वाटेल, पण निम्मी सॅलडं इथेच बिघडतात.

सोया सॉस दोन प्रकारचा असतो. लाइट, म्हणजे चिनी लोक ज्याला शंगचोउ म्हणतात तो, पातळ आणि खारट असतो, चवीसाठी तोच घ्यायचा. डार्क, म्हणजे लाओचोउ, घट्ट आणि गडद असतो, तो मुख्यतः रंगासाठी वापरतात. दोन टेबलस्पून डार्क ओतलात तर वांगी डांबरासारखी काळी दिसतील आणि वर चवही अर्धवट येईल. आणि हो, इथे लाइट म्हणजे कमी मिठाचा असं अजिबात नाही, उलट दोघांत तोच जास्त खारट असतो.

व्हिनेगर काळं घ्या. जिआंगसू प्रांतातल्या झेनजियांग शहराच्या नावाने जे मिळतं ते चिकट तांदळापासून बनवतात, त्याला आंबटपणाबरोबर एक गोडसर, मुरलेली चव असते आणि या सॅलडला ते सगळ्यात जास्त शोभतं. शान्शी प्रांतातलं जुनं व्हिनेगर ज्वारीच्या जातीच्या धान्यापासून करतात, ते जास्त जोरकस असतं, म्हणून वापरायचं तर एक टेबलस्पूनपासून सुरू करा आणि चाखत वाढवा. साधं पांढरं व्हिनेगर इथे नुसतं टोचतं. अगदीच नाइलाज असेल तर एक टेबलस्पूनच घ्या आणि साखर अर्धा टीस्पून वाढवा, खाण्यालायक होईल, पण ती चव येणार नाही हे आधीच सांगते.

तिळाच्या तेलाचं तर विचारूच नका. इथे लागतं ते तीळ खरपूस भाजून काढलेलं, गडद तपकिरी रंगाचं तेल. कच्च्या तिळाचं फिक्कट पिवळं तेल दिसायलाही वेगळं आणि वासालाही, त्याने या सॅलडला काहीच मिळत नाही. भाजलेल्या तिळाचं तेल गरम करायचं नसतं, तापवलं की त्याचा तो सुंदर वास उडून जातो. ते शेवटी, वरून.

चेक: व्हिनेगर आणि सोया सॉस एकेक थेंब बोटावर घेऊन चाखा. तुमच्या बाटल्या किती खारट, किती आंबट आहेत ते आत्ताच कळलं तर पुढे माप डोळे मिटून घालावं लागत नाही.

पायरी २: वांगं निवडणं आणि चिरणं

लांब आणि बारीक जात घ्या, साधारण तीन-चार सेंटीमीटर जाडीची. तिची साल पातळ असते, बिया कमी असतात आणि गर सारखा शिजतो. मोठं गोल वांगं घेतलंत तर मध्ये बियांचा गोळा, बाहेर चामट साल आणि दोन्ही एका वेळी शिजत नाहीत. गोलच असेल तर साल काढा आणि दोन सेंटीमीटर जाडीच्या फाकी करा, पण मग वाफवायची वेळ बदलते, लक्ष ठेवावं लागेल.

हातात घेतल्यावर वांगं हलकं पण घट्ट लागलं पाहिजे. दाबून बघा, बोटाचा खड्डा तसाच राहिला तर ते शिळं आहे, आत बिया तपकिरी निघणार.

आधी आख्खं धुवा, कोरडं पुसा, मगच चिरा. चिरल्यावर धुतलं की गर स्पंजसारखा असल्याने पाणी ओढतो आणि आपली सगळी मारामारी तर त्याच पाण्याशी आहे. देठ काढा, सात-आठ सेंटीमीटरचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा उभा दोन भागांत चिरा. खूप बारीक करू नका, बारीक पट्ट्या नंतर हाताने करायच्या आहेत.

चिरलेलं वांगं हवेत काळं पडतं म्हणून पुष्कळ जण ते व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवतात. माझं म्हणणं, आधी स्टीमरचं पाणी उकळायला ठेवा, ते खळाखळा उकळलं की मगच चिरायला घ्या आणि चिरलं की लगेच स्टीमरमध्ये ठेवा, मग भिजवायची भानगडच नको. वाट बघावीच लागणार असेल तर लिटरभर पाण्यात एक टेबलस्पून पांढरं व्हिनेगर घालून पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि बाहेर काढल्यावर पुसायचं.

मीठ लावून ठेवायचं का? या जातीला गरज नाही. लावलंत तर धुवावं लागतं, धुतलं की परत पाणी, आणि नाही धुतलं तर सोया सॉसबरोबर खारट ढाण.

पायरी ३: वाफवणं

जाळीच्या स्टीमरमध्ये किंवा छिद्रं असलेल्या ताटलीवर ठेवा, म्हणजे सुटलेलं पाणी खाली गळून जाईल. चिरलेली बाजू खाली, साल वर, एकाच थरात. थरावर थर रचलेत तर वरचे शिजतात आणि मधले करकरीत राहतात. सपाट ताटलीत ठेवून वाफवलं तरी चालतं पण मग त्यात साचलेलं पाणी टाकून द्यायचं, ते चुकूनही सॉसमध्ये घालायचं नाही, कडसर असतं.

झाकण धातूचं असेल तर त्याला आतून कोरडं फडकं बांधा, टोकं वर घेऊन गाठ मारा म्हणजे आचेपाशी लोंबणार नाहीत. वाफ झाकणाला लागून परत थेंब थेंब वांग्यावर पडते ती त्या फडक्यात जिरते. बांबूच्या स्टीमरला हे करावं लागत नाही, त्याचं विणलेलं झाकण वाफ बाहेर सोडतं.

आच मोठी. वेळ दहा ते बारा मिनिटं, उकळत्या पाण्यावर वांगी ठेवल्यापासून मोजायची. मधेमधे झाकण उघडून बघायचा मोह होतो, तो आवरा, वाफ गेली की वेळ लांबते, आणि जितका जास्त वेळ तितकी साल तपकिरी. सालीचा जांभळा रंग थोडा तरी फिका पडणारच, मनाला लावून घेऊ नका.

चेक: सगळ्यात जाड तुकड्यात चॉपस्टिक किंवा सुरीचं टोक घाला. लोण्यात गेल्यासारखं आरपार गेलं पाहिजे. मध्ये जरासाही अडथळा लागला तर अजून दोन मिनिटं.

इथे एक चूक अगदी मनापासून केली जाते. लगदा होईल या भीतीने लोक आठव्या मिनिटाला गॅस बंद करतात. अर्धकच्चं वांगं दाताखाली रबरासारखं लागतं, घशाला खवखवल्यासारखं होतं, त्याच्या पट्ट्या निघत नाहीत आणि सॉस आत मुरत नाही. जास्त शिजलेलं वांगं निदान चवीला तरी लागतं. दोन्हीतलं एक निवडायचंच तर मी जास्त शिजलेलं निवडेन.

प्रेशर कुकर नको, मिनिटभराच्या फरकाने गोळा होतो. मायक्रोवेव्ह चालतो, झाकून सहा ते आठ मिनिटं, अर्ध्यावर तुकडे उलटून, पण शिजणं सगळीकडे सारखं होईलच असं नाही, त्यामुळे प्रत्येक तुकडा टोचून बघायचा.

पायरी ४: निथळणं आणि गार करणं (इथेच सॅलड वाचतं)

वाफवून झालं की तुकडे लगेच चाळणीत काढा, एकावर एक ढीग न करता शक्य तेवढे पसरून, आणि चाळणीखाली वाडगा ठेवा. वीस ते पंचवीस मिनिटं हात लावू नका. झाकू पण नका, झाकलं की वाफ आतच पाणी होऊन बसते.

मी सुरुवातीला हे सगळं बाजूला ठेवायचे, कारण पोटात कावळे ओरडत असायचे, गरम वांग्यावरच सॉस ओतायचा, वरून तीळ भुरभुरवून फोटो काढायचा आणि मग वाडगा फ्रिजमध्ये. एकदा चार लोक जेवायला होते, तासाभराने वाडगा बाहेर काढला आणि टेबलावर ठेवताना आतून डुचमळल्याचा आवाज आला. सॅलड कसलं, वांग्याचं सार झालं होतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत तेवढीच वांगी वाफवली आणि चाळणीखालचं पाणी मोजलं तर चार टेबलस्पूनच्या वर भरलं, म्हणजे सोया सॉस आणि व्हिनेगर मिळून जेवढं होतं त्याहून जास्तच पाणी. मग चव निम्मी होणार नाही तर काय.

बर्फाच्या पाण्यात टाकून झटपट गार करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, चिरलेला शिजका गर ते पाणी पिऊन टाकतो. घाई असेल तर पंख्याखाली पसरा.

सावधान: गरम तुकडे डब्यात भरून झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत. आणि उलट टोकाला, शिजवलेली वांगी ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त उघडी ठेवायची नाहीत.

पायरी ५: हाताने फाडणं

सुरी बाजूला ठेवा. तुकडा कोमट झाला की देठाकडच्या टोकाला धरून उभा फाडायचा, बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्या करायच्या. गर रेषेत सुटतो, जोर लावावा लागत नाही, आणि लावावा लागला तर समजा वाफवायला कमी पडलंय. सुरीने कापलेला काप गुळगुळीत असतो, सॉस त्यावरून घसरून खाली जातो, फाडलेल्या पट्टीला धागे सुटलेले असतात, खाचखळगे असतात, त्यात लसणाचे कण आणि तेल अडकून बसतं. चीनमध्ये तर हाताने फाडलेलं वांगं या नावानेही हा पदार्थ ओळखला जातो, ते फाडणं काही शोभेसाठी नाही.

फाडताना परत पाणी सुटेल, म्हणून चाळणीवरच फाडा आणि आणखी पाच मिनिटं राहू द्या. पिळू नका. हलक्या हाताने दाबलंत तर ठीक, पिळलंत की धागे चिकटून दोरी होते.

चेक: एक पट्टी कोरड्या ताटलीवर ठेवा आणि मिनिटभर थांबा. खाली ओला डाग राहिला तर चालेल, थारोळं झालं तर अजून निथळू द्या.

पायरी ६: सॉस, दोन वाडग्यांत

वांगी निथळतायत तोवर हे करून घ्या. दोन वाडगे का, तर गरम तेल ओल्या सॉसमध्ये ओतलं की ते उडतं, अंगावर येतं, आणि मिरची-लसणाचा वास तेलात उतरायच्या आधीच तेल गार होतं. पुष्कळ जण सगळं एकत्र करून वर तेल ओततात आणि मग म्हणतात वासच आला नाही.

पहिला वाडगा, ओला. तीन पाकळ्या लसूण चिमूटभर मिठाबरोबर ठेचून पेस्ट करा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. ठेचल्यावर लसणाच्या पेशी फुटतात आणि मग त्याचा तो झणझणीत वास तयार होतो, त्याला थोडा वेळ लागतो, आणि आंबट काही लगेच ओतलं की ती प्रक्रिया अडते. म्हणून व्हिनेगर नंतर. दहा मिनिटांनी सोया सॉस, व्हिनेगर, साखर घालून साखर विरघळेपर्यंत हलवा.

दुसरा वाडगा, कोरडा, आणि हा काचेचा नको, स्टीलचा किंवा जाड चिनी मातीचा घ्या. त्यात उरलेल्या तीन पाकळ्या बारीक चिरून, मिरचीचे फ्लेक्स, पातीचा पांढरा भाग चिरून आणि तीळ. पात धुतली असेल तर नीट पुसून घ्या, पाण्याचा थेंब आणि तापलेलं तेल यांचं जमत नाही.

हुआज्याओ वापरत असाल तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, कुटा आणि चाळा. आधी हे बघा की तिच्यात काळ्या चकचकीत बिया राहिल्यात का. वापरायचं असतं ते बाहेरचं टरफल, जिभेला झिणझिण्या आणतं ते तेच. बिया राहिल्या तर वाळू खाल्ल्यासारखी कचकच लागते, आणि मऊसूत वांग्यात तर ती फारच जाणवते. पाव टीस्पून पुरे, पहिल्यांदा खाणाऱ्यासाठी त्याच्याही अर्धी.

चेक: पहिला वाडगा आत्ता चाखा. नुसता खाल्ला तर जरा जास्तच खारट-आंबट वाटला पाहिजे. वांग्याला स्वतःची चव बेताचीच आणि थंड झाल्यावर सगळ्याच चवी जरा दबतात, त्यामुळे आत्ता अगदी बरोबर वाटणारा सॉस नंतर मिळमिळीत लागतो.

पायरी ७: गरम तेल

दोन टेबलस्पून तेल छोट्या कढईत तापवा. धूर यायची वाट बघू नका. लाकडी चॉपस्टिकचं टोक बुडवल्यावर भोवती भराभर बुडबुडे यायला लागले की गॅस बंद, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग ओता. एकदम सगळं नाही. आधी एक तृतीयांश लसूण-मिरचीवर, चर्र आवाज आला आणि फेस येऊन बसला की चमच्याने हलवून बाकीचं.

मिरची काळी पडली, लसूण चॉकलेटी झाला, तर तेल जास्त तापलं होतं. ते वाचवत बसू नका, टाकून द्या आणि नव्याने करा, जळलेल्या लसणाचा कडूपणा कशानेही झाकला जात नाही, साखरेने तर आणखी विचित्र होतो. उलट आवाजच आला नाही तर तेल गार होतं, तेव्हा तेवढं तेल-लसूण परत कढईत घालून मंद आचेवर अर्धा मिनिट परता, निभावतं.

मिरचीची बारीक पूड वापरणार असाल तर ती फार पटकन जळते, तिला आधी काही थेंब व्हिनेगरने जेमतेम दमट करून घ्या, ओलीचिंब नाही.

एक मिनिट थांबून पहिल्या वाडग्यातला सॉस यात ओता, हुआज्याओ घाला, आणि सगळ्यात शेवटी भाजलेल्या तिळाचं तेल.

पायरी ८: कालवणं आणि थंड करणं

वांगी आता पूर्ण गार असली पाहिजेत, कोमट नाही. पसरट भांड्यात पट्ट्या ठेवा, दोन तृतीयांश सॉस वरून सोडा आणि खालून वर असं दोन-तीनदा हलक्या हाताने उचलून कालवा. ढवळायचं नाही, चमचा गोल फिरवला की पट्ट्या तुटून लगदा. उरलेला सॉस झाकून ठेवा, तो वाढताना घालायचा.

फ्रिजमध्ये अर्धा ते एक तास. त्याहून कमी ठेवलं तर सॉस फक्त वरवर लागतो, आणि रात्रभर ठेवलं तर चव मुरते पण लसूण उग्र होतो आणि थोडं पाणी सुटतंच. मला तासाभराचं आवडतं.

बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, एकदम गारठलेलं खाऊ नका. भांडं तिरकं करून बघा, तळाशी पाणी साचलं असेल तर ते ओतून द्या, मग राखून ठेवलेला सॉस, पातीचा हिरवा भाग, कोथिंबीर. तीळ आणखी हवे असतील तर आत्ता, आधी घातले की मऊ पडतात. भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट घालायचा तर तोही याच वेळी.

बिघडलं तर काय करायचं

पाणचट झालं: चाळणीत ओता, दहा मिनिटं निथळा, नवीन सॉस अर्ध्या मापाने करून घाला. जुन्या पाण्यातच मीठ वाढवत बसू नका.

खारट झालं: साखर नाही, आणखी वांगी. एखादं जास्तीचं वांगं वाफवून, निथळून त्यात मिसळा. तेही नसेल तर सालं काढलेल्या काकडीच्या पट्ट्या बिया काढून घातल्या तरी चालतं, पण मग लगेच खाऊन टाका, काकडी पाणी सोडणारच.

आंबट झालं: पाव टीस्पून साखर आणि काही थेंब तिळाचं तेल, हलवून पाच मिनिटांनी परत चाखा. लगेच चाखून आणखी साखर घालायची नाही.

गिळगिळीत, लगदा झाला: पट्ट्या परत येत नाहीत. सरळ चमच्याने फेटा, एक टेबलस्पून तिळाची पेस्ट थोड्या कोमट पाण्यात सैल करून त्यात घाला. उत्तर चीनमध्ये थंड वांग्यावर तिळाच्या पेस्टचा सॉस घालतातच, त्यामुळे पाहुण्यांना तुम्ही ठरवूनच केलंय असं सांगता येईल.

उरलं तर झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, दोन दिवसांच्या आत संपवा. वाफवून निथळलेल्या नुसत्या पट्ट्या आणि सॉस वेगवेगळे ठेवलेत तर दुसऱ्या दिवशीही ताज्यासारखं लागतं. फक्त लसूण घातलेलं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवायची आयडिया डोक्यात आली असेल तर ती सोडा, तेलाखाली हवा न लागणाऱ्या लसणात बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि त्याचा वास किंवा चव बदलतेच असं नाही. तेही फ्रिजमध्येच, आणि दोन दिवसांतच.